उंची मोजलीत, आता पायाचा घेरही मोजा

प्रति,
राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागात हत्तीरोगाचं काम बघणारे सगळे, मंत्र्यांपासून आमच्या उपकेंद्रातल्या आरोग्यसेवकापर्यंत,

सप्रेम नमस्कार.

मागच्या गोळ्यांच्या मोहिमेत तुमची दोन माणसं माझ्या दुकानात आली होती. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. दोन मशिनी, एक कटिंगचं टेबल आणि खिळ्याला टांगलेली ब्लाउजं. मुलाने भिंतीला उंचीची पट्टी लावली आणि मला तिला टेकून उभं केलं. मुलीने गोळ्या मोजून माझ्या हातावर ठेवल्या आणि मी पाणी पिऊन गिळेपर्यंत समोर उभी राहिली. मग बोटाला शाई, दारावर खडूची खूण. सगळं शिस्तीत झालं. निघताना तिची नजर माझ्या डाव्या पायावर गेली आणि ती जरा थबकली.

"काकू, हे कधीपासून?"

"सत्तावीस वर्षं झाली."

"अरे बापरे," म्हणाली आणि पुढच्या घरी गेली. बिचारीचा काही दोष नाही. त्या दिवशी तिला अजून चाळीस घरं करायची होती, आणि तिच्या कागदावर पायासाठी रकानाच नव्हता.

मी भंडारा जिल्ह्यात राहते आणि शिलाईकाम करते. टेप दिवसभर गळ्यात असतो. त्यामुळे तुमच्या डोक्यात कदाचित कधी आली नसेल अशी गोष्ट माझ्या डोक्यात घर करून बसली: यांनी माझी उंची मोजली, पाय नाही मोजला. हे पत्र त्यासाठीच लिहिते आहे.

आधी एक सांगून टाकते, नाहीतर कुणीतरी या पत्राचा उलटाच अर्थ काढील. गोळ्या घ्यायलाच हव्यात. आमच्या गल्लीत दरवेळी दोन-चार जण गोळी जिभेखाली धरतात आणि तुमची माणसं वळली की मोरीत थुंकतात. त्यांच्याशी मी भांडते. कुणाला गोळीनंतर ताप आला, डोकं दुखलं, तर बरेचदा त्याचा अर्थ अंगात जंतू होते आणि ते मरत आहेत. तीन औषधं एकत्र द्यायची पद्धत राज्यात २०१९ मध्ये नागपूर जिल्ह्यापासून सुरू झाली. त्याच्याही आधी, २००४ पासून, सामूहिक मोहीम होतीच, आधी एका औषधाची, मग दोन औषधांची. मी लहान असताना रात्री नऊ-दहाला दार वाजायचं आणि बोट टोचून काचेवर रक्त घेऊन माणसं जायची. आजी म्हणायची, "रात्रीच कायले येतात हे चोरावाणी?" खूप पुढे कळलं की हत्तीरोगाच्या जंतूंची, म्हणजे फायलेरियाची, पिल्लं दिवसा खोल दडून बसतात आणि रात्री वरच्या रक्तात येतात, कारण त्यांना नेणारा क्युलेक्स डासही रात्रीच चावतो. तो धानाच्या बांधीत नाही, आपल्या तुंबलेल्या नाल्यांत आणि संडासाच्या टाक्यांत वाढतो. देशात १९५५ पासून हे काम चाललं आहे. तेव्हा मोहिमेवर माझा राग नाही. पण तिचाही माझ्यासारखाच एक पाय मोठा आणि एक बारीक आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने हा रोग संपवायचा कार्यक्रम २००० साली आखला, तेव्हा त्याला दोन पाय दिले होते. एक, नव्या माणसाला लागण होऊ नये. दुसरा, ज्यांना आधीच सूज आली आहे त्यांचे हाल थांबावेत. पहिल्या पायाला गोळ्या, फलक, रिक्षावरचा भोंगा, आमदारांनी स्वतः गोळी खाल्ल्याचा फोटो. दुसऱ्या पायाला एक टप.

हो, टप. तीन-चार वर्षांपूर्वी एका केंद्रावर आम्हाला बोलावलं होतं. पंधरा-वीस जणी आणि काही पुरुष, सगळे पाय लपवून बसलेले. प्रत्येकाला एक प्लास्टिकचा टप, मग, साबण, टॉवेल आणि मलमाची ट्यूब मिळाली. रांगेत उभं करून फोटो काढला. "रोज पाय धुवायचे," असं सांगून चहा दिला. झालं. मी घरी आले आणि त्या टपात कांदे भरले. खोटं कशाला बोलू? पाय तर मी रोज धुतच होते की! पाय धुण्यासाठी सरकारने टप का द्यावा, हे मला कुणी उलगडून सांगितलंच नाही. त्या रांगेतल्या एकीने टप नातवाला आंघोळीला दिला, दुसरीने भिजवलेल्या डाळीला.

कांदे टपातून निघाले माझ्या भाचीमुळे. ती फिजिओथेरपिस्ट आहे, पुण्याला असते. दिवाळीला आली होती. माझा पाय बघितला, खाली बसली आणि पायाच्या दुसऱ्या बोटाच्या मुळाशी कातडी चिमटीत धरायला लागली. आपण ब्लाउजला टक्स घालताना कापड चिमटीत धरतो ना, अगदी तसं. उजव्या पायाची कातडी सहज उचलली गेली. डाव्याची उचललीच जाईना. ती म्हणाली, मावशी, हीच परीक्षा. कातडी चिमटीत येत नाही म्हणजे लसिकेची, म्हणजे परत रक्तात जायला हव्या त्या पाण्याची, सूज. हृदयाची, किडनीची सूज बहुतेक दोन्ही पायांना असते आणि तिची तऱ्हा वेगळी असते. आणि एक पाय दोन दिवसांत अचानक सुजून पोटरी दुखू लागली, तर शिरेत गुठळी असू शकते, तेव्हा घरी थांबायचं नाही, लगेच दवाखाना गाठायचा. सत्तावीस वर्षांत कितीतरी डॉक्टरांनी हा पाय पाहिला, पण ही चिमूट कुणीच घेतली नव्हती.

मग तिने समजावलं. आमच्याकडे जागोजागी मालगुजारी तलाव आहेत, म्हणून मी ते तलावाच्या भाषेत लक्षात ठेवलं. रक्तवाहिन्यांतून रोज थोडं पाणी बाहेर झिरपतं आणि त्याबरोबर प्रथिनंही. ते सगळं गोळा करून परत रक्तात सोडायचं काम लसिकावाहिन्यांचं. दिवसाला दोन-चार लिटर. या वाहिन्या म्हणजे बारीक पाट, आणि पाटात जागोजागी एकाच दिशेला उघडणारी दारं. मोठे जंतू या पाटांतच घर करतात, पाच-सात वर्षं जगतात. पाट फुगतो, दारं ढिली पडतात, पाणी मागे फिरतं. पुढे जंतू मरतात, पण मोडलेली दारं पुन्हा बसत नाहीत. पाणी साचतं, पाण्यात गाळ असतो, आणि गाळ साचला की खाली माती घट्ट होते. पाय आधी दाबला की खड्डा पडतो, मग पडेनासा होतो, मग कातडी जाड होते, घड्या पडतात, गाठी येतात. आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत याला श्लीपद म्हटलंय, शिळेसारखं पाऊल. ते नाव ज्याने ठेवलं त्याने नुसतं पाहिलं नसणार, हात लावून पाहिलं असणार.

हे कळल्यावर मला दोन गोष्टींचा फार राग आला. एका खाजगी दवाखान्यात मला चार वर्षं लघवीच्या गोळ्या दिल्या होत्या, "पाणी काढायला". ग्लानी यायची, पायात गोळे यायचे, आणि पाय होता तसाच. होणारच होतं ते. गोळी पाणी काढते, गाळ तिथेच राहतो, आणि गाळ परत पाणी ओढून घेतो. दुसरं, वर्षानुवर्षं फायलेरियाच्याच गोळ्यांचे कोर्स. माझ्या रक्तात जंतू सापडतच नव्हते. पाय सुजलेल्या बहुतेकांच्या रक्तात ते नसतातच. जंतूची गोळी जंतूसाठी असते, ती सूज उतरवत नाही. ही एवढी गोष्ट तुमच्या भोंग्यावरून गल्लीगल्लीत सांगितलीत, तर आमचे किती पैसे वाचतील! आणि आमच्या शेजारी बसल्याने, आमच्या हातचं खाल्ल्याने हा रोग लागत नाही, हेही त्याच भोंग्यावर सांगा. मुलीच्या सोयरिकीच्या वेळी मी दिवसभर पाय चौरंगाखाली घालून बसले होते. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

आता मुख्य गोष्ट, ज्यासाठी तो टप आहे.

आमच्या रोगात सूज वाढते ती झटक्यांनी. ज्याला घरात "ताप-थंडी" म्हणतात. संध्याकाळी जांघेत अवधाण येतं, म्हणजे गाठ सुजते, ठणका लागतो. रात्री हुडहुडी भरते, दोन गोधड्या अंगावर घेतल्या तरी दात वाजतात. सकाळी पाय लालभडक आणि गरम, कातडी ताणून चकचकीत. आठ दिवस मशीन बंद. उतरला की पाय पहिल्यापेक्षा थोडा जाड. प्रत्येक वेळी थोडा. मला वर्षाला पाच-सहा झटके यायचे. घरचे म्हणायचे अमावस्येचं आहे. कुणी पायात काळा दोरा बांधला, तो सुजेत रुतून बसला, शेवटी मीच माझ्या कात्रीने कापला. एका बाबाने डाग दिला, त्याची खूण अजून आहे आणि त्या जखमेतून पुढचा झटका आला. जंतूंमुळे म्हणजे फायलेरियामुळे हे झटके येत नाहीत. येतात ते साध्या बारीक रोगजंतूंमुळे, बॅक्टेरियामुळे. ते शिरतात कुठून? बोटांच्या बेचक्यांतून. चिखल्या, भेगा, नखाजवळची जखम, खाजवलेलं. साचलेल्या पाण्यात त्यांची चैन होते.

म्हणून धुणं. पण धुणं म्हणजे बादली ओतून मोकळं होणं नव्हे. भाचीने मला खाली बसवून एकेक बेचकं उघडून दाखवलं. चौथ्या आणि करंगळीच्या बेचक्यात पांढरं, भिजलेलं, खालून लाल. ते मला सत्तावीस वर्षांत दिसलं नव्हतं, कारण पाय इतका जाड की बोटं एकमेकांना चिकटलेली आणि वाकून बघणं होत नव्हतं. आता मी पाटावर बसते, समोर लहान आरसा ठेवते. कोमट पाणी, गरम नाही. साधा साबण. ब्रश नाही, दगड नाही, हाताचीच बोटं. प्रत्येक घडीत, प्रत्येक बेचक्यात बोट फिरवायचं. मग पुसणं, आणि खरं काम इथे आहे. जुन्या सुती साडीच्या मी दोन बोटं रुंद पट्ट्या फाडून ठेवल्या आहेत. (कतरणी माझ्याकडे कमी नाहीत, पण मऊपणा जुन्या साडीचाच.) एक पट्टी एका बेचक्यातून ओढायची, पुढच्याला दुसरी. पट्टी कोरडी बाहेर आली की ते बेचकं झालं. बेचक्यात बुरशीचं मलम, बाकी पायाला खोबरेल तेल. तेल बेचक्यात नाही, तिथे ओलावा नको. या सगळ्याला वीस मिनिटं लागतात. रात्री खाटेच्या पायथ्याखाली दोन-दोन विटा.

एवढं केल्यावर पहिल्या वर्षात मला दोन झटके आले. गेल्या वर्षात एकही नाही. सूज अजून होती, पण झटके थांबले. आठ दिवस मशीन बंद नाही म्हणजे काय ते लग्नसराईत मला विचारा.

टप तुम्ही दिलात, साबण तुम्ही दिलात. न दिलेली वस्तू एकच होती, खाली बसून बेचकं उघडून दाखवणारं माणूस. मला ती भाची मिळाली. रांगेतल्या बाकीच्यांना कुठून मिळणार?

झटका आलाच तर काय, हेही सांगते, कारण यातही आमचा वेळ जातो. पहिल्या दिवशीच पेनिसिलिन जातीचं साधं अँटिबायोटिक हवं, ज्यांना ते सोसत नाही त्यांना दुसरं. तापाची गोळी, भरपूर पाणी, पाय उंच, गार फडकं. त्या दिवसांत मालिश नाही, बँडेज नाही, व्यायाम नाही. हे औषध महाग नाही. पण उपकेंद्रात विचारावं तर "मोठ्या दवाखान्यात जा". ताप-थंडीत एस.टी.ने कोण जाणार? तीन दिवस घरात काढले की पाय आणखी एक बोट जाड. ज्यांना वारंवार झटके येतात त्यांना वर्षभर रोज दोनदा पेनिसिलिनचा छोटा डोस दिला तर पायाचे झटके कमी होतात, असं ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी २०१३ साली छापलेल्या अभ्यासात दिसलं. डोस बंद केल्यावर तो फायदा ओसरला, हेही त्यांनीच लिहिलंय. आमच्यातल्या कुणाला असं द्यावं आणि कुणाला नाही, हे ठरवणं तुमच्या डॉक्टरांचं काम. पण विचार तरी व्हावा.

आता बँडेज. इथे मला शिलाईवाली म्हणून बोलायचा हक्क आहे.

मेडिकलमध्ये मागितलं की हातात पडतं ते क्रेप बँडेज. ते मी वर्षं दोन वर्षं गुंडाळलं, गुडघ्याखाली घट्ट आणि घोट्याला ढिलं, म्हणजे बरोबर उलटं. गुडघ्याखाली करदोड्यासारखा वळ उठला आणि खालचा पाय आणखी फुगला. भाचीने दुसरं बँडेज आणलं, फार न ताणणारं, शॉर्ट-स्ट्रेच. मी ते हातात घेतल्याबरोबर फरक ओळखला. क्रेप म्हणजे होजिअरी, ओढाल तेवढं येतं आणि निजल्यावरही आवळत राहतं. हे म्हणजे मांजरपाटासारखं. पाय स्वस्थ असताना आवळत नाही, पण चालायला लागलं, पोटरी आतून फुगली, की कापड हटत नाही आणि पोटरीलाच आत दाबतं. त्या दाबाने पाणी वर सरकतं. आधी बोटं वेगवेगळी गुंडाळायची, मग कापसाचं अस्तर, मग बँडेज. घोट्याशी दाब जास्त, वर जाताना कमी. ब्लाउजचं अस्तर नीट बसलं नाही तर वरचं कापड कितीही भारी असो, चुण्या पडतातच. इथेही तेच. आणि बांधण्याआधी पावलाची नाडी बघायची, विशेषतः साखर असणाऱ्यांची. पावलात रक्तच कमी येत असेल तर हा दाब घातक.

मी पायमशीन सोडून मोटार लावली होती, पायाला त्रास नको म्हणून. एका डॉक्टरांनी तसंच सांगितलं होतं, "आराम करा". भाची म्हणाली, बँडेज बांध आणि पायडल मार, याहून चांगला व्यायाम मी तुला देऊ शकत नाही. घोटा वर-खाली, वर-खाली, पोटरीचा पंप चालू. मोटार काढून ठेवली. वीजबिलही कमी आलं.

आता आकडे, कारण त्यांच्यासाठीच हे पत्र आहे. घोट्यापासून वर चार-चार इंचांवर मी निळ्या पेनाने खुणा केल्या आणि दर रविवारी सकाळी टेप लावला. सुरुवातीला पोटरीचा सगळ्यात जाड घेर २१ इंच होता. बँडेजच्या सहा आठवड्यांनंतर १८. आज १७ च्या आसपास. उजवी पोटरी साडेतेरा आहे, तेव्हा पाय काही हरणाचा झाला नाही आणि होणारही नाही. पण सलवारचा पोंचा आता चढतो. आणि टेपाचा खरा उपयोग निराळाच. घेर अर्धा इंच वाढला की मला कळतं, बँडेज ढिलं पडलंय किंवा कुठेतरी भेग पडली आहे. झटका येण्याआधी कळतं.

सूज उतरल्यावर ती तशीच ठेवायला दाबाचा मोजा लागतो. तयार मोजे तीन-चार मापांत येतात, आमचे पाय कुठल्याच मापाचे नसतात. माझा घोटा "लार्ज" आणि पोटरी "लार्ज"च्या बाहेर. माप घेऊन केलेला मोजा महाग, आणि सहा-आठ महिन्यांत त्याची ताण मरते. माझ्या शिलाईतले किती ब्लाउज एका मोज्याला, हे मी मुद्दाम लिहीत नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे, चांगली आहे, आमच्या शेजाऱ्यांच्या हृदयाचं काम त्यात झालं. पण ती भरती होणाऱ्यांभोवती बेतलेली आहे. रोज सकाळी घालायच्या मोज्यासाठी कुणी भरती होत नाही. अमेरिकेत हाच वाद कित्येक वर्षं चालला. शेवटी २०२२ च्या अखेरीस कायदा झाला आणि १ जानेवारी २०२४ पासून तिथल्या म्हाताऱ्यांच्या सरकारी विम्यात हे मोजे आले. म्हणजे श्रीमंत देशालाही हे समजायला वेळ लागला. आपण तेवढाच लावू नये.

भाचीबरोबर एकदा नागपूरला एका फिजिओथेरपीच्या विभागात गेले होते. तिथे बाकावर माझ्या शेजारी एक बाई बसली होती, पायांना काहीच झालेलं नाही, पण उजवा हात माझ्या पायासारखा. स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालेलं, काखेतल्या लसिकेच्या गाठी काढलेल्या, वर किरणांचा शेक दिलेला. काखेतल्या सगळ्या गाठी काढलेल्या बायकांपैकी साधारण पाचातल्या एकीला पुढे असं होतं, एक-दोनच गाठी तपासून थांबलं तर खूप कमी. तिला ऑपरेशनआधी कुणी बोललंच नव्हतं. नंतर एवढंच सांगितलं, "त्या हाताने काही उचलू नका." दोन वर्षं तिने त्या हाताने कळशी उचलली नाही, हात लुळा पडला, सूज वाढलीच. आणि २००९ सालच्या एका अमेरिकन अभ्यासात अशा बायकांना हळूहळू वाढवत वजनं उचलायला लावली, तर सूज वाढली नाही, उलट बिघडण्याच्या तक्रारी कमी झाल्या. आम्ही दोघींनी एकमेकींची बँडेजं बघितली. कापड तेच, पद्धत तीच. तिचा रोग तुमच्या वेगळ्या कपाटात, माझा वेगळ्या. पण तिचा हात आणि माझा पाय एकाच खोलीत बांधता येतात, एकच माणूस शिकवू शकतो. हत्तीरोग नसलेल्या जिल्ह्यांनाही अशा खोलीची गरज आहे, हे त्या बाईमुळे कळलं.

असं करणं अशक्य नाही. केरळात कासरगोडला इन्स्टिट्यूट ऑफ अप्लाइड डर्मटॉलॉजी आहे. तिथे साबण-पाणी, आयुर्वेदिक उपचार, योगासनं आणि बँडेज एकत्र करून पाय उतरवतात आणि घरच्या माणसाला शिकवून पाठवतात. आपल्याकडे सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत फायलेरियावर कित्येक दशकं संशोधन झालं आहे. विदर्भात विद्येची टंचाई नाही. ती बेचक्यापर्यंत पोचत नाही, एवढंच.

पुरुषांचं एका वाक्यात: अंडवृद्धीचं ऑपरेशन होतं, बरं होतं, आणि लाजेने ते दहा-दहा वर्षं धोतरात लपवतात, तेव्हा त्यांना तुमच्या पुरुष कर्मचाऱ्यानेच घरी जाऊन विचारावं.

देशाने २०२७ पर्यंत हत्तीरोग संपवायचं ठरवलं आहे. श्रीलंकेने २०१६ साली ते साधल्याचा शिक्का मिळवला, बांगलादेशने २०२३ साली. त्या शिक्क्यासाठी जागतिक आरोग्य संघटना फक्त रक्तातल्या जंतूंचा हिशेब मागत नाही. सूज आलेली किती माणसं कुठे आहेत आणि त्यांना उपचार कुठे मिळतात, हेही मागते. म्हणजे आम्हाला विसरून तुमचाही कागद पुरा होत नाही. हे मी धमकी म्हणून लिहीत नाही. आपला स्वार्थ एकच आहे, एवढंच सांगते.

तर माझी मागणी फार मोठी नाही. यादीतल्या प्रत्येक माणसाच्या नावापुढे दोन रकाने वाढवा. एकात पोटरीचा किंवा हाताचा घेर, इंचांत. दुसऱ्यात, गेल्या तीन महिन्यांत ताप-थंडी किती वेळा आली. आशाताई तशाही दारात येतातच. किती टप वाटले ते नका मोजू, किती झटके कमी झाले ते मोजा. ते मोजायला लागलात की बाकीचं आपोआप मागे येईल: उपकेंद्रात पहिल्या दिवसाचं औषध, तालुक्याला बँडेज बांधायला शिकवणारं एक माणूस, वर्षाला दोन मापाचे मोजे, आणि रुंद चपला करून देणारा एखादा चांभार. माझ्या चपला करून देणारे दादा गावातच आहेत, पट्ट्याला वेल्क्रो लावून देतात, पण सरकारी कागदावर त्यांना कुणी विचारलेलं नाही.

आमच्या भागातल्या आशाताईंना बेचकं कसं उघडायचं, पट्टी कशी फिरवायची आणि घेर कुठे घ्यायचा, हे मी शिकवायला तयार आहे. पैसे नकोत. शनिवारी दुपारी दोननंतर दुकानात गर्दी नसते. एका वेळी पाच-सहा जणी बसतील एवढी जागा होते. पाय माझाच बघा, लाजणार नाही, बाकी दाखवायला पाय तयार आहे म्हणणारी बाई तुम्हाला सहज मिळायची नाही. टप आणू नका, माझा कांद्यातून मोकळा झाला आहे. टेपही आणू नका, माझ्याकडे चार आहेत.

आपली,
शिलाईकाम करणारी एक बाई
भंडारा जिल्हा